लिनक्सच्या संगणकासाठी मांडणीची निवड

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्याची १४ तारीख पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानीमनी नसताना येऊन गेली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ ह्या प्रणालीची नित्याची विनामूल्य डागडुजी थांबविली. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ते पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजविणारा मात्र कोणी उरला नाही. काही काळाची वाढीव मुदत घेता येते, पण ती मुदतच. बरे, नवी ‘विंडोज ११’ घ्यावी, तर ती किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय मागते. शिवाय साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत.

आमच्या दिलसुखनगरात ह्या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. मेट्रोच्या खांबांच्या कडेने चैतन्यपुरीकडे चालत निघाले म्हणजे दोन्ही बाजूंस शिकवणी वर्गांच्या, संगणक-शिक्षणाच्या आणि वसतिगृहांच्या पाट्या दाटीवाटीने लागलेल्या दिसतात. येथे संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. प्रवेश-परीक्षेचा अर्ज, सरावाच्या प्रश्नपत्रिका, वडिलांचे हिशेब, नांदेडच्या मावशीशी आजीचे बोलणे, हे सारे पुष्कळ घरांत एकाच यंत्रावर चालते. ते यंत्र धडधाकट असता केवळ प्रणाली जुनी झाली म्हणून भंगारात टाकावे, हे आम्हांस पटत नाही. आणि नवे घ्यावयाचे तर शिकवणीची फी भरून त्यासाठी काही उरावयास हवे.

म्हणून हल्ली कित्येक जण लिनक्सकडे वळतात. लिनक्सला मोल पडत नाही, जुन्या यंत्रावर ते चालते, आणि त्याची डागडुजी नियमित होत असते. पण वळल्याबरोबर एक असा प्रश्न समोर उभा राहतो, की जो विंडोजने आपणांस जन्मात विचारलेला नसतो: डेस्कटॉप कोणता हवा? ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी अशी नावे पाहून नवखा मनुष्य गांगरतो व प्रथम हाती लागेल ते घेऊन मोकळा होतो. पुढे ते त्यास रुचले नाही म्हणजे ‘लिनक्सच वाईट’ असा शेरा मारून बसतो. वस्तीचे नावच दिलसुखनगर असल्यामुळे ‘दिलास सुख देईल ती घ्यावी’ असे उत्तर कोणी देईल. ते अगदीच चूक नाही. तथापि दिलास सुख कशाने होईल हे कळण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

आपल्या घरातील स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. ओटा, शेगडी, पाण्याचा नळ ह्या गोष्टी एकदा बसविल्या की त्या तशाच राहतात. परंतु भिंतीवरची मांडणी प्रत्येक गृहिणीची निराळी. एकीच्या घरी डाळीचे डबे वर आणि पळ्या-झारे खाली. दुसरीच्या घरी सारे उलट. एकीस सर्व भांडी समोर दिसावयास हवीत, तर दुसरीस सारे दारामागे झाकलेले हवे. स्वयंपाक दोघींचाही होतो. पण एकीला दुसरीच्या घरी भाजी फोडणीस टाकावयास सांगितले की मोहरीचा डबा सापडेपर्यंत तेल करपते.

लिनक्समध्येही असेच आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने जे लिहिले, ते प्रणालीचे गाभ्याचे अंग, म्हणजे आपल्या दृष्टान्तातील ओटा व शेगडी. रॅम कोणत्या कामास किती द्यावी, डिस्कवर काय कोठे लिहावे, कळ दाबली गेली हे कोणास कळवावे, ही कामे ते करते. पडद्यावर चौकट काढणे हे त्याचे काम नव्हे. गाभ्याभोवतीची बरीचशी अवजारे रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आली. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेत १९८४ मध्ये जन्मलेली ‘एक्स’ ही पद्धती पुष्कळ वर्षे करीत आली. तिची जागा आता २००८ मध्ये सुरू झालेली ‘वेलँड’ ही पद्धती घेत आहे. ह्या सर्वांच्या वर बसते ती मांडणी. चौकटीचा मथळा कसा असावा, ती बंद करण्याचे बटण कोठे असावे, खालची पट्टी असावी की नसावी, फाइली कशा दिसाव्यात, ध्वनी कमी-जास्त करावयाचा तर कोठे जावे, हे ठरविणारा जो सगळा संच त्यास ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. आम्ही ह्या लेखात त्यास मांडणीच म्हणणार आहोत.

विंडोजमध्ये ओटा आणि मांडणी एकाच कारखान्यात, एकमेकींस जोडूनच तयार होतात, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. लिनक्समध्ये दोन्ही निरनिराळ्या लोकांनी केलेल्या असल्यामुळे त्या सुट्या मिळतात. आणखी एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट, किंवा आपल्या देशातील सी-डॅक ह्या संस्थेने डेबियनवरून तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली, ही नावे मांडणीची नव्हेत. ती सगळे सामान एकत्र बांधून आपल्या घरी पोहोचविणाऱ्यांची नावे होत. एकच मांडणी अनेकांकडून मिळते, आणि एकाच पुरवठादाराकडे अनेक मांडण्या असतात.

ह्या मांडण्या कशा जन्मास आल्या ती कथा मनोरंजक आहे, आणि निवडीस उपयोगीही आहे. कारण प्रत्येक मांडणीचा स्वभाव तिच्या जन्मकथेत सापडतो. १९९६ सालच्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे शिकणाऱ्या मथायस एट्रिख ह्या विद्यार्थ्याने एक जाहीर आवाहन प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की, लिनक्सवर कार्यक्रम पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचे रूप निराळे, बटणे निराळी, रीत निराळी. जे संगणकाचे पंडित नाहीत त्यांनी हे वापरावे तरी कसे? त्यांच्यासाठी एकजिनसी मांडणी करू या. त्यातून ‘केडीई’ जन्मास आली व १९९८ च्या जुलैमध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली.

परंतु केडीईची बटणे व चौकटी ज्या ‘क्यूटी’ नावाच्या सामग्रीने घडविल्या होत्या, ती ट्रोलटेक ह्या नॉर्वेतील कंपनीची होती आणि तिचा परवाना त्या वेळी पूर्णपणे मुक्त नव्हता. मुक्त प्रणालीच्या माथ्यावर परक्याच्या मालकीचे छप्पर, हे कित्येकांस रुचले नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना ह्या दोन मेक्सिकन तरुणांनी संपूर्ण मुक्त सामग्रीवर दुसरी मांडणी आरंभिली, तीच ‘ग्नोम’. तिच्यासाठी जी सामग्री घेतली ती बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ ह्या चित्रे सुधारण्याच्या कार्यक्रमासाठी बनविलेली होती. पुढे २००० साली क्यूटीही मुक्त परवान्याखाली आली आणि वादाचे मूळ कारण नाहीसे झाले. दोन मांडण्या मात्र राहिल्या. श्रम विभागले गेले म्हणून ह्याबद्दल हळहळणारे अजूनही भेटतात. आमचे मत निराळे आहे. स्पर्धा नसती तर ट्रोलटेकने आपला परवाना इतक्या लवकर सैल केला असता असे आम्हांस वाटत नाही.

ह्याच सुमारास, १९९६ मध्ये, ऑलिव्हिए फूर्दां ह्या फ्रेंच गृहस्थाने ‘एक्सएफसीई’ आरंभिली. तिचीही पहिली सामग्री पुरेशी मुक्त नसल्यामुळे रेड हॅट कंपनीने तिला आपल्या संचात घेण्यास नकार दिला आणि तिचे पुनर्लेखन करावे लागले. तिचे बोधचिन्ह उंदीर आहे, आणि ते शोभते. खाणे थोडे, पळणे चपळ. बदलाची तिला मुळीच घाई नसते. ४.१२ ह्या आवृत्तीनंतर ४.१४ यावयास २०१५ ते २०१९ अशी चार वर्षे लागली. कित्येकांना हा दोष वाटेल. ज्यांच्या घरी आजीने मोठ्या कष्टाने माउस धरावयास शिकून घेतले आहे, त्यांना तो गुण वाटेल.

कारण घाईने केलेल्या बदलाचे फळ इतर मांडण्यांनी भोगले आहे. २००८ च्या जानेवारीत निघालेली केडीईची चौथी आवृत्ती नवी खरी, पण कच्ची होती, आणि जुने वापरणारे पुष्कळ लोक नाराज झाले. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोमने तिसरी आवृत्ती काढली आणि आपली जुनी ओळखीची रचना पार मोडून टाकली. खालची पट्टी गेली, चौकट लहान करण्याचे बटण गेले, पडद्यावरची चिन्हेही गेली. ज्यांचे हात जुन्या रचनेस सरावले होते त्यांपैकी काही जण नुसते कुरकुरत बसले नाहीत. प्रणाली मुक्त असल्यामुळे जुना मजकूर घेऊन तोच पुढे चालविण्याची त्यांना मोकळीक होती. अर्जेंटिनातील एकाने जुनी ग्नोम जिवंत ठेवली आणि तिचे नाव ‘माते’ असे ठेवले. मराठी वाचकास देवीच्या आरतीची आठवण होईल. पण हे नाव दक्षिण अमेरिकेतील चहासारख्या एका पेयावरून घेतलेले आहे. त्याच वर्षी क्लेमां लेफेव्र ह्यांच्या नेतृत्वाखालील ‘मिंट’च्या मंडळींनी नव्या ग्नोमचा पाया घेऊन वर जुन्या वळणाची इमारत उभारली, तिचे नाव ‘सिनॅमन’, म्हणजे दालचिनी. उबुंटूनेही मध्यंतरी ‘युनिटी’ नावाची स्वतःची मांडणी चालवून पाहिली आणि २०१७ च्या ऑक्टोबरात ती बाजूस ठेवून ग्नोमकडे परत आली. एलएक्सक्यूटी ही ह्या कुळातील धाकटी. दोन हलक्या प्रकल्पांच्या मीलनातून ती झाली व २०१४ मध्ये प्रथम बाहेर पडली.

आता निवडीकडे वळू. बहुतेक जण प्रथम विचारतात, ‘सर्वांत हलकी कोणती?’ सामान्यतः असे म्हणता येईल की एलएक्सक्यूटी व एक्सएफसीई ह्यांस रॅम कमी लागते, माते व सिनॅमन मधोमध, आणि ग्नोम सर्वांत जास्त मागते. केडीई एके काळी जड म्हणून प्रसिद्ध होती, पण २०१४ मधील ‘प्लाझ्मा ५’ पासून पुढे ती पुष्कळच सडसडीत झाली आहे. उबुंटूच्या २४.०४ ह्या आवृत्तीने ग्नोमसह ४ जीबी रॅम हवी असे म्हटले होते. मिंट २ जीबीवर चालते, पण सुखाने चालावयास ४ जीबी असावी असे तिचे कर्ते स्वतःच सांगतात.

तथापि ह्या हलकेपणाची मातब्बरी आहे त्याहून जास्त सांगितली जाते. मांडणी बदलून जी रॅम वाचते, ती ब्राउझरमध्ये शिकवणी वर्गाची चित्रफीत आणि आणखी चार पाने उघडली की केव्हाच खर्च होते. ४ जीबीच्या यंत्रात खरा फरक पडतो तो जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविल्याने. सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरात अशा सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि ही अदलाबदल अर्ध्या तासाची असते. तेवढा खर्च शक्य असेल तर तो आधी करावा आणि मग मांडणी आवडीने निवडावी. खर्च शक्य नसेल, किंवा रॅम २ जीबीच असेल, तर मात्र एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ह्यांपलीकडे पाहू नये. फारच जुन्या ३२-बिटी यंत्रांची वाट आता अवघड झाली आहे. डेबियननेही २०२५ च्या ऑगस्टमधील १३ व्या आवृत्तीपासून त्यांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकली.

दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. विंडोज वापरलेल्या मनुष्याचा हात डाव्या खालच्या कोपऱ्याकडे आपोआप जातो. सिनॅमन, केडीई आणि एक्सएफसीई ह्यांत त्याच्यासाठी पट्टी व यादी जवळजवळ तशीच सापडते (एक्सएफसीईत पट्टी कधी वर असते, ती खाली आणता येते). ग्नोम मात्र स्वतःची निराळी रीत शिकवू पाहते. तिच्यात खालची पट्टी नाही; कळफलकावरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबावी, म्हणजे उघडलेल्या सर्व चौकटी एकत्र दिसतात, आणि हव्या त्या कार्यक्रमाचे नाव टंकावयास लागावे. नव्याने संगणक शिकणाऱ्या मुलास ही रीत दोन दिवसांत जमते आणि पुढे फार आवडते. तीस वर्षे दुसरी रीत गिरविलेल्या वडिलांस ती जमेलच असे नाही. केडीईत तर मोहरीच्या डब्यापासून झाऱ्यापर्यंत सारे काही हलविता येते. हौशी विद्यार्थ्यास तो खेळच होऊन बसतो. परीक्षेच्या आठवड्यात रात्री बारा वाजता पट्टीचा रंग बदलत बसलेला विद्यार्थी प्रत्येक वसतिगृहात एक तरी सापडेल.

परंतु आम्हां मराठी घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाषेची, आणि तिच्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. हैदराबादेतील मराठी मुलास एका दिवसात चार भाषा भेटतात. घरी मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी उर्दू, पुस्तकात इंग्रजी. त्याच्या संगणकास निदान तीन लिप्या लिहिता याव्यात ही मागणी मुळीच अवाजवी नाही. अमुक मांडणीत मराठी चांगले दिसते, तमुक मांडणीत जोडाक्षरे फुटतात, असे सांगणारे लोक भेटतात. एके काळी त्यात तथ्य होते. ग्नोमची व केडीईची अक्षरे जुळविणारी यंत्रणा त्या वेळी निराळी होती. आता दोन्हीकडे ‘हार्फबझ’ ह्या एकाच यंत्रणेने अक्षरे जुळविली जातात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसही तीच वापरतात. हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले. ‘एक हर्फ बोलला नाही’ असे आपणही म्हणतोच. तेव्हा चारमिनारच्या शहरात ह्या शब्दाचा अर्थ सांगण्याची फारशी गरज पडू नये.

म्हणून ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ ह्या शब्दांतील ऱ्य नीट दिसत नसेल तर मांडणी बदलून उपयोग नाही, टंक बदलावा. रेड हॅट कंपनीने २००४ पासून भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ नावाचे मुक्त टंक उपलब्ध करून दिले, आणि आज ‘नोटो’ टंकही सर्वत्र मिळतात. मराठी ल आणि श ह्यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. ज्या टंकात मराठीसाठी ती स्वतंत्र ठेवलेली असतात, तो टंकही ती तेव्हाच दाखवितो, जेव्हा मजकुराची भाषा मराठी असल्याचे त्यास कळविलेले असते. लेखनाच्या कार्यक्रमात भाषा ‘हिंदी’ ठेवून मराठी निबंध लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

लिहिण्याच्या सोयीत मात्र मांडण्यांमध्ये थोडा फरक पडतो. कळफलकाच्या दोन रीती आहेत. एक ‘इनस्क्रिप्ट’, जी भारत शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरविली. ती लिनक्सच्या मूळ कळफलकातच अंतर्भूत असल्यामुळे प्रत्येक मांडणीत, कोणताही जोडकार्यक्रम न घेता चालते. दुसरी रीत इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहून मराठी उमटविण्याची. तिच्यासाठी ‘आयबस’सारखा मध्यस्थ लागतो. ग्नोममध्ये आयबस मांडणीतच मिसळलेला असल्यामुळे ती भाषा जोडताच काम भागते. केडीईमध्ये वेलँडखाली तो ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ ह्या अनपेक्षित शीर्षकाखाली शोधून निवडावा लागतो. एक्सएफसीई आणि माते ह्यांत तो आपण होऊन बसवावा लागतो, पण एकदा बसविला की बिनतक्रार राहतो.

विद्यार्थ्यांनी इनस्क्रिप्टच शिकावी असा आमचा आग्रह आहे, आणि त्याचे कारण खास ह्या शहरातले आहे. इनस्क्रिप्टमध्ये सर्व भारतीय लिप्यांतील समान अक्षरे समान कळांवर ठेवलेली आहेत. इंग्रजी के च्या कळेवर देवनागरीत क येतो, तसाच तेलुगूतही तेलुगू क येतो. एच वर प, जे वर र, व्ही वर न, दोन्ही लिप्यांत तसेच. म्हणजे एकदा बोटे बसली की मराठी निबंध आणि तेलुगूचा गृहपाठ एकाच अभ्यासात पार पडतात. डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजने, अशी बाराखडीसारखी शिस्तही तिच्यात आहे. शिफ्ट धरून जे दाबले की ऱ येतो. त्यापुढे डी दाबून हलन्त आणि मग य, म्हणजे झाला ऱ्य. एवढे करून पाहावयास पंधरा दिवसही लागत नाहीत.

मांडणीतील सूचना व नावे मराठीत दिसावीत अशी इच्छा असेल तर ग्नोम व केडीई ह्या दोघींचेही मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे. पण ते अपुरे आहे. नव्या आवृत्त्यांतून मधेमधे इंग्रजी शब्द डोकावतात, आणि काही मराठी शब्द असे आहेत की त्यांच्यापेक्षा इंग्रजी बरे वाटावे. ह्या बाबतीत आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे पाहण्यासारखे आहे. हैदराबादेत २००५ पासून कार्य करणाऱ्या ‘स्वेच्छा’ ह्या संस्थेने मुक्त प्रणालीचा तेलुगू अवतार सिद्ध केला आणि त्या कामी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस जोडून घेतले. ह्याच शहरात १९१७ साली दार-उल-तर्जुमा नावाचे भाषांतर कार्यालय स्थापन झाले होते आणि त्याने उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाची, वैद्यकाची व कायद्याची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली होती. त्या लोकांनी प्रत्येक शब्दासाठी बैठका घेतल्या, वाद घातले. ‘फाइल’ला मराठीत काय म्हणावे, की फाइलच म्हणावे, ह्यावर आपल्या वर्गात एखादा तास वाद झाला तर तो तास वाया गेला असे कोणी समजू नये.

ज्यांस दृष्टी नाही अशा वाचकांच्या बाबतीत निवड वेगळीच होते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा ‘ओर्का’ हा कार्यक्रम २००६ पासून ग्नोमचा भाग आहे. तो मातेमध्येही चांगला चालतो, आणि त्यास मराठी उच्चारणारा आवाज जोडता येतो. आवाज यांत्रिक आहे, पण कळतो. अशा विद्यार्थ्यास सुंदर आणि हलके हे दोन्ही गुण गौण आहेत. त्याने प्रथम ग्नोम ऐकून पाहावी.

शाळेच्या संगणककक्षाचा प्रश्न घरच्या प्रश्नाहून भिन्न आहे. केरळ राज्याने आपल्या शाळांतून कित्येक वर्षे मुक्त प्रणाली चालविली आहे, आणि तेथे सर्व शाळांस एकच तयार संच दिला जातो. पुस्तकातील चित्र आणि मुलांसमोरचा पडदा तंतोतंत जुळतो. कक्षात तीस मुले व एक शिक्षक असता प्रत्येकाने आपली आवडती मांडणी लावली तर ‘खालच्या डाव्या कोपऱ्यात दाबा’ एवढे वाक्यही शिक्षकांस उच्चारता येणार नाही. तेथे आवडीस जागा नाही. कक्षातील सर्वांत दुबळ्या यंत्रावर जी चालेल तीच सर्वांवर घालावी, आणि परीक्षा होईपर्यंत तिला हात लावू नये.

घरी मात्र पाहून निवडण्याची मुभा आहे, आणि पाहण्यास एक पैसाही पडत नाही. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यावर मिंट किंवा उबुंटू भरावी, व संगणक त्यावरूनच सुरू करावा. डिस्कला स्पर्श न करता मांडणी तशीच चालून दाखविते. पेन ड्राइव्ह काढला की यंत्र पूर्ववत. पेन ड्राइव्हवरून ती मूळ वेगापेक्षा सावकाश चालते, म्हणून वेगाचा निर्णय येथे करू नये. पण बाकी सर्व तपासावे. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते काय, घरचा प्रिंटर ओळखला जातो काय. मग आजीला खुर्चीवर बसवावे आणि कोणी काही न सांगता ‘नातवंडांची छायाचित्रे उघडा’ म्हणावे. तिचा हात कोठे थबकतो ते पाहावे. ताईला तिच्या शिकवणीचा वर्ग उघडावयास सांगावा. धाकट्याने दोन ओळी मराठीत व दोन तेलुगूत लिहाव्यात. एका मांडणीस एक संध्याकाळ दिली तरी आठवड्याच्या आत प्रश्न सुटतो. ज्या यंत्रावर घरातील चौघे बसतात, तेथे सर्वांत कमी सराव असलेल्याचे मत सर्वांत जड धरावे, असे आम्ही सुचवू. ज्यास सराव आहे तो कोणत्याही मांडणीत आपली वाट काढतो.

आमच्यापुरते विचाराल तर ४ जीबीच्या जुन्या घरगुती यंत्रास आम्ही मिंटची एक्सएफसीई मांडणी देऊ, ८ जीबी असल्यास सिनॅमन. अभियांत्रिकीच्या शिकवणीस जाणाऱ्या व स्वतःचे यंत्र असलेल्या मुलाने केडीई घेऊन हवे तेवढे उलटेपालटे करावे. एका संगणकावर दोन मांडण्या नांदू शकतात. प्रवेशाच्या वेळी परवलीचा शब्द लिहितो त्या पडद्यावर एक लहानसे चिन्ह असते, तेथून त्या दिवशीची मांडणी निवडता येते. मात्र दोन्हींचे कार्यक्रम एकाच यादीत येतात, दोन-दोन फाइल-दर्शक, दोन-दोन लेखनपट्ट्या दिसू लागतात, आणि घरातील वडीलधारी माणसे त्रासतात. वडिलांचे खाते आणि मुलाचे खाते निराळे केले, तर प्रत्येकाची निवड त्याच्या खात्यात लक्षात राहते आणि तंटा बराच मिटतो.

प्रत्यक्ष स्थापना करण्यापूर्वी घरातील छायाचित्रे, गुणपत्रिका व दाखल्यांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकास लावून त्या खरोखर उघडतात की नाही हे पाहावे. स्थापना करताना ‘संपूर्ण डिस्क पुसावी काय?’ असा एक प्रश्न येतो. त्यास होकार देण्याचे काम घरातील मोठ्या माणसाने, शेजारी मुलास बसवून, दिवसाउजेडी करावे. सरूरनगर असो की मलकपेठ, वीज जाण्याची वेळ कोणी सांगून ठेवलेली नसते; म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी व चार्जर लावलेला असावा.